पाच मंडळ्यांची एक उपासना आणि एक पंगत: कशी बसवायची?

महिलासंघ_सचिव यांचा प्रश्न

जानेवारीतल्या ख्रिस्ती ऐक्य सप्ताहात (१८ ते २५) आमच्या तालुक्याच्या गावी पाच मंडळ्या (चर्च) मिळून एक संध्याकाळ करायची ठरली आहे. सी.एन.आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मेथडिस्ट, कॅथलिक धर्मग्राम (पॅरिश), मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी) आणि एक पेंटेकॉस्टल फेलोशिप. माणसं १५० धरली आहेत. आधी दीड तास उपासना, मग जेवण. नियोजन समितीत चार गोष्टींवर गाडी अडली आहे.

१. प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) घ्यायचं की नाही? दोन पाळक म्हणतात, त्याशिवाय ऐक्य कसलं. फादर गप्प आहेत.
२. प्रार्थना आणि मतांगीकार (श्रद्धेची जाहीर कबुली) कोणाच्या पुस्तकातून म्हणायचे?
३. गीतं कोणती? शब्द एकच पण चाल वेगळी, अशी बरीच निघाली.
४. जेवायला लोक आपापल्या मंडळीचा, खरं तर आपापल्या वस्तीचा, गोल करून बसतात. यावर कोणी बोलत नाही, पण सगळ्यांना माहीत आहे.

उपदेश नको, करून बघता येईल असं सांगा.

---

पंगतवाला

ताई, चौथ्यापासून सुरू करतो. पहिले तीन प्रश्न कागदावर सुटतात, हा सुटत नाही.

'प्रत्येकाने घरून डबा आणावा' ही सूचना समितीत नक्की येईल. स्वस्त आहे म्हणून लगेच मंजूरही होईल. ती मान्य करू नका. डबा आला की माणूस डब्याभोवती बसतो, कोणाच्या घरचं कोण खात नाही हे तोंडातून शब्द न काढता पाळलं जातं, आणि कोणाच्या डब्यात चिकन आणि कोणाच्या डब्यात कोरडी भाकरी हे सगळ्यांना दिसतं. ग्रीसमधल्या करिंथच्या मंडळीत नेमकं हेच झालं होतं (१ करिंथ ११). रोमन घरातल्या भोजनखोलीत तीन कोच, त्यावर साधारण नऊ माणसं मावत, बाकीची अंगणात. आतले खाऊन-पिऊन तृप्त व्हायचे आणि कामावरून उशिरा सुटणारे गुलाम-मजूर उपाशी राहायचे. पौलाने त्यावर सांगितलेला उपाय अगदी साधा आहे: एकमेकांसाठी थांबा. आपल्याकडे 'पाळक आणि पाहुण्यांची सोय आतल्या खोलीत, बाकीच्यांची मांडवात' अशी प्रथा आहे ना, तो रोमन कोचच. ती खोली त्या दिवशी कुलूप लावून ठेवा.

सगळं केटररला देऊन टाकलं की वाद मिटतो, पण मग मिळून केलेलं काहीच उरत नाही. मधला मार्ग असा: भट्टी आणि पातेली आचाऱ्याकडे, बाकीचे हात आपले. निवडणं-चिरणं, वाढणं, पाणी, खरकटं अशा चार तुकड्या करा. प्रत्येक तुकडीत १० जण, प्रत्येक मंडळीचे दोन. एक मंडळी एक पदार्थ ही वाटणी करू नका, नाहीतर 'त्यांची भाजी' आणि 'आमचा शिरा' सुरू होतं आणि कोणाच्या पातेल्यात काय उरलं ते लोक मोजतात. खरकट्याच्या तुकडीत पाचही पाळक हवेत, फादरही. दरवेळी पत्रावळ्या उचलायला त्याच वस्तीची माणसं पुढे येत असतील, तर उपासनेत काय गायलं याला काही अर्थ राहत नाही.

बसण्यासाठी पाच रंगांच्या चिठ्ठ्या करा, प्रत्येक रंगाच्या ३०. एका रंगाची एक पंगत, समोरासमोर १५-१५. चिठ्ठ्या आधीच फिरत्या क्रमाने लावून ठेवा (लाल, पिवळी, हिरवी, निळी, पांढरी, पुन्हा लाल) आणि दारात एकेकाला एकेक द्या. कुटुंबाचा गठ्ठा देऊ नका. दहा वर्षांखालची मुलं आईबरोबर किंवा वडिलांबरोबर, त्यांना चिठ्ठी नको. ज्यांना मांडी घालून बसता येत नाही त्यांच्यासाठी पंगतीच्या टोकाला खुर्ची-टेबल ठेवा, म्हाताऱ्यांचा वेगळा कोपरा करू नका. हे फसतं ते दारातच: देणारा ओळखीचा असला की 'जरा बदलून दे' होतं. म्हणून दारात दोघं उभे करा, वेगवेगळ्या मंडळ्यांचे, आणि मोजून तेवढ्याच चिठ्ठ्या हातात द्या.

जेवण शाकाहारी ठेवा. मटण ठेवलं की खाणाऱ्यांची आणि न खाणाऱ्यांची अशा दोन पंगती होतात. रोमकरांस पत्राचा १४ वा अध्याय याच भांडणावर आहे. १५० माणसांचा अंदाज:

तांदूळ १५ किलो, तूरडाळ ६ किलो. पुऱ्या माणशी ५, म्हणजे ७५०. गोळी ३० ग्रॅमची धरली तर किलोभर कणकेत साधारण ५० होतात, म्हणजे कणीक १५ किलो. वांगी-बटाटा २२ किलो. शिऱ्याला रवा ३ किलो, साखर ३ किलोपेक्षा थोडी कमी, तूप २ किलो. काकडी ८ किलो, दही ४ किलो. पिण्याच्या पाण्याचे २० लिटरचे ८ जार.

सगळी पानं वाढून होईपर्यंत थांबायचं म्हटलं की पुऱ्या गार होतात आणि लोक कुरकुर करतात. त्यामुळे मीठ, कोशिंबीर, भाजी, शिरा आधी वाढून घ्या, मग प्रार्थना, आणि पुऱ्या 'आमेन'नंतर सोडा. प्रार्थना अर्ध्या मिनिटाची. नाताळचा उरलेला केक कोणी आणला तर त्यात रम आहे का ते विचारा, मुक्तिफौजेचे सैनिक (म्हणजे सभासद) दारूला स्पर्श करत नाहीत.

---

वसईचा_वाचक

फादर गप्प का आहेत ते सांगतो. त्यांच्या हातात ते नाही. कॅथलिक धर्मगुरूला इतर मंडळ्यांच्या पाळकांबरोबर मिळून मिस्सा (कॅथलिकांची प्रभुभोजनाची उपासना) अर्पण करता येत नाही (१९८३ च्या धर्मसंहितेचं कलम ९०८), आणि प्रभुभोजन कोणी कोणाकडे घ्यावं याच्या मर्यादा कलम ८४४ मध्ये आहेत. सी.एन.आय. किंवा मेथडिस्ट पाळक म्हणतील 'आमचं मेज सर्वांना खुलं आहे'. ते त्यांच्या मनापासूनच आहे, पण त्या आमंत्रणाने फादर आणि त्यांचे लोक सर्वांसमोर अवघडतात. शिवाय मुक्तिफौज प्रभुभोजनाचा विधी करतच नाही, बाप्तिस्म्याचाही नाही. म्हणजे पाचातल्या दोन मंडळ्या बाहेर बसणार. त्या संध्याकाळी प्रभुभोजन नको. शब्दसेवा (फक्त वाचनं, उपदेश, प्रार्थना) करा आणि नंतरच्या जेवणाला सरळ प्रीतिभोजन म्हणा. हा शब्द यहूदाच्या पत्रात आहे, कोणालाच परका नाही. पण मग जेवणाच्या आधी एक भाकर आणि एक प्याला उचलून 'हे माझे शरीर' वगैरे शब्द म्हणू नका. अर्धवट साम्य सगळ्यांनाच खटकतं.

आता प्रार्थना. 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' सगळ्यांना पाठ आहे असं समजून कागदावर छापत नाहीत आणि तिथेच घोळ होतो. कॅथलिक 'वाइटापासून सोडव' इथे थांबतात, प्रॉटेस्टंट न थांबता 'कारण राज्य, सामर्थ्य व गौरव' म्हणत पुढे जातात. अर्धी सभा 'आमेन' म्हणून खाली बसलेली, अर्धी अजून उभी. ते शेवटचे शब्द आम्हा कॅथलिकांच्या मिस्सेतही आहेत, फक्त मध्ये धर्मगुरूची एक प्रार्थना येते. तेव्हा कॅथलिकांना ते म्हणायला काहीच हरकत नाही, आधी सांगितलं पाहिजे इतकंच. पूर्ण मजकूर छापा, 'मानले जावो' की 'मानिले जावो' यासकट.

मतांगीकार प्रेषितांचा घ्या. त्यात 'मंडळी' की 'ख्रिस्तसभा', 'सार्वत्रिक' की 'कॅथलिक' हा शब्दांचा प्रश्न येईल. 'पवित्र सार्वत्रिक मंडळी' छापा आणि खाली एक ओळ द्या की ज्यांना आपला नेहमीचा शब्द म्हणायचा असेल त्यांनी तो म्हणावा. गावात केरळी ऑर्थोडॉक्स कुटुंबं असतील आणि त्यांनाही बोलावणार असाल, तर त्यांच्या उपासनेत प्रेषितांचा मतांगीकार नसतो, नायसियाचा असतो, आणि त्यातही 'पवित्र आत्मा पित्यापासून आणि पुत्रापासून' मधला 'आणि पुत्रापासून' ते म्हणत नाहीत. तेवढ्या भानगडीपेक्षा मतांगीकार गाळलेला बरा.

वाचनं तीन, सगळी ६६ पुस्तकांतली (आमच्या बायबलमध्ये ७३ आहेत, जास्तीची सात इथे नकोत). एकच भाषांतर निवडून उतारे कागदावर छापा. पंडिता रमाबाईंचं, बायबल सोसायटीचं आणि कॅथलिक भाषांतर असे तिन्ही ग्रंथ हातात असले की वाचकाच्या प्रत्येक शब्दागणिक पानं उलटल्याचा आवाज येतो. क्रूसाची खूण ज्याला करायची त्याने करावी. पुढून 'आता सर्वांनी' असं कोणी म्हणू नये.

पेंटेकॉस्टल बांधव एकाच वेळी सगळे मोठ्याने प्रार्थना करतात. ते बंद करायला सांगणं म्हणजे त्यांना बोलावून तोंड बांधणं. त्याला तीन मिनिटं द्या, शेवट पेटीच्या सुराने करा, आणि लगेच दोन मिनिटं पूर्ण शांतता ठेवा. दोन्ही गोष्टी सगळ्यांनी करायच्या.

आणि उपदेश एकच, १२ मिनिटं, यजमान मंडळीबाहेरच्या पाळकाचा. पाच पाळकांना 'दोन शब्द' बोलायला दिले तर तेच दोन शब्द पाऊण तास चालतात.

साहित्य तयार मिळतं. या सप्ताहाची सुरुवात १९०८ साली न्यूयॉर्कजवळच्या ग्रेमूर इथे पॉल वॉटसन यांनी केली, तेव्हा ते अँग्लिकन पंथातले होते. १९६८ पासून जागतिक मंडळी परिषद आणि व्हॅटिकन यांनी मिळून तयार केलेलं साहित्य वापरलं जातं आणि दर वर्षी मसुदा वेगळ्या देशातले लोक करतात. २०१३ चा मसुदा भारतातून, स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंटकडून गेला होता. उतारा मीखा ६:६-८ आणि विषय सरळ दलितांवरच्या अन्यायाचा. तुमचा चौथा प्रश्न पाहता तोच मसुदा शोधून काढा.

---

पेटीमास्तर

गीतं पाचच घ्या. शब्द एक आणि चाल दोन असलेलं गीत त्या दिवशी गाळा, कितीही लाडकं असलं तरी. 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातली रेव्ह. ना. वा. टिळकांची पदं बहुतेक मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांना येतात. कॅथलिक गायनमंडळाला आधी विचारून, त्यातली त्यांना येणारी दोन घ्या, दोन त्यांच्याकडची घ्या, एक टाळ्यांचं कोरस फेलोशिपचं.

तालीम किमान दोन आणि त्यातली एक त्याच जागेत. तालमीत हमखास निघणारी अडचण: एका मंडळीची पेटी आणि दुसरीचा कीबोर्ड एका सुरात नसतात. पेटीचे सूर हलत नाहीत, कीबोर्डचे हलतात, त्यामुळे कीबोर्डवाल्याने सेटिंगमध्ये जाऊन पेटीला जुळवून घ्यायचं आणि तबला शेवटी लावायचा. पुरुष गायकाची पट्टी काळी एक आणि बायकांची काळी चार-पाच, मधोमध पट्टी धरली की दोघेही ओरडतात. त्यापेक्षा गीताचा सर्वांत वरचा सूर कुठे जातो ते पाहून सभेला तो सहज लागेल इतकी पट्टी खाली घ्या. गायनमंडळाला ते मिळमिळीत वाटेल. वाटू दे, गायचं सभेने आहे.

आवाजाचं एक: उघड्यावर मांडव असेल तर भोंग्याची परवानगी पोलीस ठाण्यातून आधी काढा, आणि रात्री १० ला तो बंद झालाच पाहिजे.

---

जुनं_रजिस्टर

वरचं सगळं ठीक. पण क्रम चुकतोय.

प्रीतिभोजनाचं उदाहरण लोक जर्मनीतल्या हेर्नहूटचं देतात. १३ ऑगस्ट १७२७, काउंट त्सिन्त्सेनडोर्फच्या जहागिरीतले मोरावियन निर्वासित, लूथरन, रिफॉर्म्ड, सगळे प्रभुभोजनानंतर एकत्र रडले आणि एकत्र जेवले. तिथून प्रीतिभोजन मोरावियनांकडे रूढ झालं, त्यांच्याकडून मेथडिस्ट चळवळीच्या जॉन वेस्लीने घेतलं, मेथडिस्टांनी ते भाकरी आणि पाण्यावर चालवलं. एवढं सगळे सांगतात. त्याच्या तीन महिने आधी, १२ मे १७२७ ला, त्याच भांडकुदळ लोकांनी एका लेखी बंधुकरारावर सह्या केल्या होत्या, हे कोणी सांगत नाही. कागद आधी, पंगत नंतर.

तुमच्या गावातली खरी तक्रार मला न सांगता कळते: मेंढरं पळवणं. अमक्याने आमची चार कुटुंबं नेली, तमक्याने बाप्तिस्मा झालेल्यांना पुन्हा पाण्यात बुडवलं. ती मनात ठेवून लोक शेजारी बसतील आणि शिरा खातील, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तेव्हा समितीच्या पुढच्या बैठकीत एका पानाचा करार करा. त्यात इतकं पुरे:

या कार्यक्रमात कोणीही फोन नंबर किंवा सभासदत्वाचे फॉर्म गोळा करणार नाही. कुटुंबाला मंडळी बदलायची असेल तर नवा पाळक आधी जुन्या पाळकाला भेटेल, दाखल्याचं पत्र मागेल, आणि मागितलेलं पत्र १५ दिवसांत दिलं जाईल. पुन्हा बाप्तिस्म्यावर एकमत होणार नाही, तो प्रयत्नच करू नका. पण 'तुमचा बाप्तिस्मा खोटा' हे व्यासपीठावरून बोलायचं नाही, हे लिहून घेता येतं. अर्पण मोजायला दोन वेगळ्या मंडळ्यांची माणसं, आकडा त्याच रात्री सांगायचा, पैसा पाचही मंडळ्यांच्या बाहेरच्या गरजूसाठी.

मतभेद कागदावर ठेवून एकत्र येता येतं, त्याला नागपूरच साक्षी आहे. २९ नोव्हेंबर १९७० ला तिथे सहा मंडळ्या मिळून सी.एन.आय. झाली, तेव्हा बालकांचा बाप्तिस्मा मानणारे आणि फक्त प्रौढांचा मानणारे दोघेही आत होते. दोन्ही रीती घटनेत राहिल्या. अमेरिकन परंपरेतले मेथडिस्ट मात्र ऐन शेवटी बाहेर राहिले, म्हणून तर तुमच्या गावात आज दोन वेगळ्या पाट्या आहेत.

जातीबद्दल पंगतवाल्यांनी नेमकं बोट ठेवलं. हे दुखणं नवं नाही. तंजावरच्या मंडळ्यांत वेगळ्या बैठकी होत्या, त्यावर कलकत्त्याचा बिशप डॅनियल विल्सनने १८३३ मध्ये पत्रक काढून जातिभेद ताबडतोब बंद करायला सांगितलं, तर माणसं मंडळी सोडून गेली. हुकमाने जातीची सवय जात नाही. त्यापेक्षा प्रेषितांची कृत्ये ६ वाचा: वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांवर अन्याय होतो अशी तक्रार आली, तेव्हा वाटपासाठी जे सात जण निवडले त्या सातांची नावं ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार, त्यांच्याच हातात कोठार. तुमच्याकडे ज्या वस्तीला दुय्यम वागवलं जातं, त्या वस्तीच्या माणसाकडे खरेदीची आणि कोठाराची किल्ली द्या. स्वागतसमितीचा बिल्ला नको, किल्ली.

---

महिलासंघ_सचिव

खूप मदत झाली. कराराचा मसुदा आणि चिठ्ठ्या दोन्ही मांडते. दोन शंका राहिल्या. एका पाळकांनी जेवणाआधी पाय धुण्याचा विधी सुचवला आहे, तो करावा का? आणि हेच आम्ही मार्चमध्ये महिलांच्या जागतिक प्रार्थनादिनाला पुन्हा करू म्हणतोय, तेव्हा काही बदलावं लागेल का?

---

डहाणूकडचा

पाय धुण्याबद्दल. चर्च ऑफ द ब्रदरन या मंडळीच्या प्रीतिभोजनात पाय धुणं, साधं जेवण आणि मग प्रभुभोजन असा क्रम असतो. त्यांचं मिशन गुजरातेत आणि आपल्याकडे डहाणूला होतं, १९७० ला ती मंडळी सी.एन.आय.त आली. त्यांची पद्धत घ्या, कारण त्यात कोणी एक मोठा माणूस बारा जणांचे पाय धूत नाही. कमरेला पंचा बांधून पहिला दुसऱ्याचे पाय धुतो आणि पुसतो, तोच पंचा दुसऱ्याच्या कमरेला बांधतो, दुसरा तिसऱ्याचे धुतो, अशी साखळी. धुणारा आणि पुसणारा एकच की दोन वेगळे, यावरही त्या मंडळीत एकोणिसाव्या शतकात फूट पडायची वेळ आली होती, तेव्हा ते आधीच ठरवा! पुरुष आणि बायका वेगळ्या वर्तुळात.

१५० जणांचं नको. प्रत्येक मंडळीचे चार, म्हणजे २० जण, दहा-दहाची दोन वर्तुळं, पुढे-मागे कोण हे चिठ्ठीने. माणशी ३ लिटर कोमट पाणी धरा आणि प्रत्येकाला नवं पाणी घ्या, एकूण ६० लिटर. जानेवारीत संध्याकाळी गार पाणी ओतलंत तर म्हातारी माणसं पाय मागे घेतात. दोन घंगाळी, दोन रिकाम्या बादल्या. कमरेचा पंचा एक फिरता, पुसायला मात्र वीस वेगळे टॉवेल. मधुमेहामुळे पायाला जखम असलेल्यांना आधी विचारा, नको म्हणाले तर आग्रह नको. सगळ्यात महत्त्वाचं, मोबाइल बंद. 'अमक्या समाजाच्या माणसाचे पाय धुताना पाळकसाहेब' असा एक फोटो गटावर गेला की ज्याचे पाय धुतले त्याचा अपमान होतो, आणि पुढच्या वर्षी तो येत नाही.

---

वसईचा_वाचक

मार्चचं सांगतो. प्रार्थनादिन मार्चच्या पहिल्या शुक्रवारी असतो आणि तो जवळजवळ दर वर्षी उपवासकाळात (ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत) येतो. उपवासकाळातल्या शुक्रवारी कॅथलिक मांस खात नाहीत. जानेवारीत शाकाहारी ठेवाल तेव्हा कोणी म्हणेल 'मार्चला बिर्याणी करू', तेव्हा हे आठवू द्या. ऑर्थोडॉक्स कुटुंबांच्या मोठ्या उपवासात दूध आणि तूपही चालत नाही, म्हणून शिऱ्याचं एक छोटं पातेलं तेलातलं आणि गुळाच्या पाण्यातलं करा. मात्र ते वेगळ्या टेबलावर ठेवू नका, त्याच पंगतीत वाढा.

---

पंगतवाला

ताई, एक राहिलं. खरकट्याच्या तुकडीला हातमोजे लागतील, दहा जोड. पाळकसाहेबांच्या मापाचे आधीच बघून ठेवा, नाहीतर 'मोजे बसत नाहीत' म्हणून ते पुन्हा आतल्या खोलीत जाऊन बसतील.